वहिनी मागे बसली की

आमच्या घरात फटफटी आली ती वहिनीच्या मागोमाग आली. लग्न नंदगडला तिच्या दारात झालं, वऱ्हाड ट्रकमधून सांबऱ्याला परतलं, आणि हळद अजून अंगावर असतानाच वहिनीचे वडील गाडी चालवत आमच्या दारात आले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. टाकीला झेंडूचा हार, मागे गल्लीतली पोरं. आईने आधी गाडीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मग व्याह्यांना पाण्याचा तांब्या दिला. हे मला पक्कं आठवतं, कारण तो तांब्या घेऊन मीच ताटकळत उभी होते.

घरात आम्ही तिघंच होतो. वडील मला कळायच्या आधीच गेले. आई, थोरला भाऊ अण्णा आणि मी. अण्णा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला होता, तिथवर सायकल मारत जायचा आणि रात्री पाय चोळत बसायचा. मी चौथी झाल्यावर शाळा सोडली. सोडली म्हणजे आई एक दिवस म्हणाली, उद्यापासून म्हशीकडं बघ, आणि मी बघायला लागले. रडले वगैरे नाही. म्हैस मास्तरणीपेक्षा बरी होती.

वहिनी आली आणि घरातला आवाज वाढला. आम्ही कमी बोलणारी माणसं. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, धारेचा आवाज, मधूनच गावालगतच्या विमानतळावर विमान उतरलं तर त्याचा, एवढंच. वहिनी बोलत काम करायची. ती जंगलाकडची, भात खाणारी. आम्ही भाकरीची माणसं. माहेरून येताना ती फणसाच्या आठळ्या आणायची आणि चुलीच्या राखेत भाजायची. त्या तडकल्या की मांजर उठून पळायचं.

आई म्हणायची, "आमच्यात आठळ्या म्हशीला घालत्यात."

"मग म्हशीलाबी घालू की आत्या," वहिनी म्हणायची, "ती काय परकी हाय व्हय?" आणि खरंच दोन आठळ्या म्हशीला नेऊन द्यायची. आई तोंड फिरवायची. हसू येऊ नये म्हणून फिरवायची, हे मला दिसायचं. सुरुवातीला असं चांगलं चाललं होतं, हे मुद्दाम लिहिते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आई पहिल्यापासून सुनेवर टपून बसलेली होती. तशी ती नव्हती.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती मांडवपरतणीला. लग्नानंतर नवरा-नवरी पहिल्यांदा मुलीच्या माहेरी जातात, तेव्हा. दोघं सकाळी निघाली. बेळगाव ओलांडलं, पुढचं देसूर गाव मागे पडलं आणि गाडीला उचक्या लागल्या. एकसारखा आवाज चाललेला असतो तो मधेच तुटतो, फट् करून पुन्हा धरतो, पुन्हा तुटतो. मग ती थांबलीच. अण्णाने किका मारल्या, घामाघूम झाला. दोघं झाडाखाली बसली. बराच वेळ गेल्यावर अण्णाने उगाच एक किक मारली तर सुरू. नंदगडला पोचायला जेवणाची वेळ टळली. परत येतानाही तेच, वाटेत थांबली, बसून राहिली, सुरू झाली. दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेला आणि गाडी एकदाही अडखळली नाही.

वहिनीच्या चुलतभावाच्या पोराचं बारसं होतं, तेव्हा पुन्हा गेली. पुन्हा बंद. तात्यांचं अंग दुखतं म्हणून बघायला गेली. पुन्हा बंद. मधल्या दिवसांत अण्णा रोज बेळगावला जात होता. शनिवारच्या बाजाराला मला मागे बसवून नेत होता. मी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसायचे, गाडी तोफेसारखी चालायची.

आई अडाणी होती, पण वेडी नव्हती. तिने जे पाहिलं ते खोटं नव्हतं. अण्णा एकटा गेला की गाडी चालते. मी मागे बसले की चालते. वहिनी मागे बसली की बंद पडते. आता मला कोणी विचारलं तर मीही सांगेन, डोळ्यांना दिसणारं एवढंच होतं. आई पहिल्यांदा बोलली ती भाकरी थापता थापता, वर न बघता. "गाडी हिला घेईना झालीया."

वहिनी हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग हसायची थांबली.

त्यानंतर आईने परीक्षा घेतली. अण्णाला सांगितलं, हिला बसव आणि देवळापर्यंत जाऊन ये. दोघं गेली आणि आली. गाडी थांबली नाही. मी म्हटलं, "बघ, चालली की."

"गावात कशी थांबंल? गावात देव हाय," आई म्हणाली.

तेव्हा मला कळलं की आता काही खरं नाही. गाडी थांबली तर वहिनीमुळे आणि नाही थांबली तर देवामुळे. यातून बाहेर पडायला वाटच नव्हती. मी लहान होते, मला ते तेव्हा असं मांडता आलं नसतं.

अण्णा खासबागेतल्या एका मेस्त्रीकडे गेला. मला बरोबर नेलं. शेजारच्या घरांतून मागांचा खटक-खटक आवाज येत होता, त्यात मेस्त्रीला मोठ्याने बोलावं लागायचं. त्याने प्लग काढला, काजळी धरली होती ती कागदाने घासली, पुन्हा बसवला. किक मारली, पहिल्या किकेला सुरू. चौकापर्यंत फेरी मारून आला. "काय न्हाय हिला. नवी कोरी गाडी."

अण्णा घुटमळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मंडळी मागं बसली की बंद पडती."

मागांचा आवाज होता तरी मेस्त्रीने ते बरोबर ऐकलं. शेजारी चहा पीत बसलेल्यांकडे बघून म्हणाला, "मग गाडी कशाला आणलासा? मंडळीला आणा, तिचा प्लग साफ करू."

सगळे हसले. अण्णाचे कान लाल झाले. मला तो विनोद तेव्हा कळला नाही, आणि कळला तेव्हा हसू आलं नाही. त्या एका वाक्याने आमचं वाटोळं झालं असं मी म्हणते, कारण अण्णा पुन्हा कुठल्या मेस्त्रीपुढे तोंड उघडायला तयार झाला नाही. गाडी घरी आणली. आईने विचारलं, "मेस्त्री काय म्हनला?"

"गाडीत काय न्हाय म्हनला."

"मी तेच म्हनतीया," आई म्हणाली, आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

वहिनी आता गाडीवर वेगळी बसायला लागली. आधी ती कॅरियर धरून ऐसपैस बसायची. मग पदर गच्च खोचून, दोन्ही हात मांडीवर घेऊन, श्वास धरल्यासारखी बसू लागली, गाडीला कुठे आपला स्पर्श होऊ नये म्हणून. शेजारची एक बाई बोलली होती की सुनेचा पायगुण असतो. त्यानंतरच्या खेपेला वहिनी चपला काढून पिशवीत घालून बसली. गाडी तरी थांबलीच. एकदा गोठ्यात मला म्हणाली, "सुमे, मी काय करते गं मागं बसून? पाय हालवत न्हाय, काय न्हाय." मी म्हटलं, तू काही करत नाहीस. पण का थांबते ते मला सांगता येईना. नुसतं "तू न्हाय" म्हणून कोणाचं समाधान होत नाही.

आषाढ आला. आमच्याकडे नव्या सुनेला आषाढात माहेरी पाठवतात, सासू-सुनेने त्या महिन्यात एका घरात राहू नये म्हणून. तात्या येऊन तिला एस्टीने घेऊन गेले. महिना संपला की सासरचं माणूस जाऊन घेऊन येतं. न्यायला कोणी आल्याशिवाय पोरीने आपणहून परत यायचं नसतं. तसं आली तर लोक म्हणतात माहेरी जड झाली. हा रिवाज सगळ्यांना माहीत असतो, आणि आईने तोच धरला. श्रावण लागला, ती काही बोलली नाही. पंचमी झाली, नाही बोलली. गणपती बसले आणि उठले. तिने वहिनीला हाकलली नव्हती, कोणी तसं म्हणू शकलं नसतं. तिने फक्त न्यायला कोणाला पाठवलं नाही. अण्णा कामावरून यायचा आणि फडकं घेऊन गाडी पुसत बसायचा. मला वाटायचं ते फडकं त्याच्या तोंडात कोंबावं.

शेवटी तात्यांचा निरोप आला, पोरीला न्यायची का नाही ते कळवा. दोन दिवसांनी आई अण्णाला म्हणाली, "गाडी त्यांच्या दारात लाव. चावी त्यांच्या हातात दे आन् एस्टीनं परत ये." दिलेली गाडी परत करणं म्हणजे काय, हे सांबऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अण्णा "बरं" म्हणाला. आईने मला जवळ बोलावलं. बायकांत बोलायला बाईमाणूस पाहिजे म्हणून मला पाठवणार होती. वहिनीच्या आईला काय सांगायचं ते माझ्याकडून म्हणून घेतलं. "आईनं सांगितलंय, तुमची गाडी आन् तुमची लेक, दोनीबी तुमच्याकडंच असू द्या." मी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवलं.

सकाळी आम्ही निघालो. बेळगाव ओलांडलं, मच्छे गेलं. मी एवढ्या लांब त्या गाडीवर कधी गेले नव्हते. देसूर मागे पडलं आणि माझ्याखाली गाडीला उचकी लागली. मी आधी ऐकून होते, आता बुडाखाली कळली. फट्, मग काही नाही, मग पुन्हा फट्. आणि थांबली.

अण्णा उतरला नाही. हँडल धरून तसाच बसून राहिला. मी म्हटलं, "अण्णा, मागं मी हाय. वैनी न्हाय."

"गप बस."

"आमी बाजारला जातो तवा एवढं लांब येतच न्हाय. तू कामावर जातोस तवाबी न्हाय. वैनी बसली की नंदगडला जायचं असतंय, म्हनून—"

"गप बस म्हनलं न्हवं."

त्याला समजलं होतं. तो काही दगड नव्हता. पण समजलं तर मागचे सगळे महिने कुठे ठेवायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न असणार. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, थोडी गेली, पुन्हा थांबली. असं करत करत, काही चालवत, काही ढकलत आम्ही खानापूरच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडपाशी पोचलो. तिथे एक म्हातारा मेस्त्री ट्रॅक्टर खोलून बसला होता. कानडी माणूस, मराठी तोडकं बोलायचा. अण्णा त्याच्यापाशी गेला ते वहिनीसाठी नाही. बंद गाडी व्याह्यांच्या दारात ढकलत न्यायची त्याला लाज वाटत होती.

म्हातारा आधी म्हणाला पेट्रोलमध्ये कचरा आहे. टाकीचा पाईप काढून फुंकला. काही झालं नाही. मग म्हणाला प्लग गेला. नवा घातला. काही झालं नाही. चिडला. मग प्लग वायरीला लावून, इंजिनाच्या डोक्यावर आडवा टेकवला आणि अण्णाला किक मारायला लावली. मला म्हणाला, "ठिणगी बघ पोरी, माझे डोळे गेलेत." मी वाकून बघितलं. ठिणगी होती, पण लालसर, मरतुकडी, कधी पडत होती, कधी नाही. त्याने बाजूचं झाकण काढलं. आत जिथे दोन टोकं उघडझाप करतात, ज्यांना तो पॉईंट म्हणत होता, तिथे मात्र लखलख ठिणग्या उडत होत्या.

"नको तिथं आग, पायजे तिथं न्हाय," म्हातारा म्हणाला. "कंडेन्सर. बिसी झालं की मरतंय." बिसी म्हणजे गरम. त्याने पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या एका पत्र्याच्या नळकांड्यावर धरून ठेवलं. मग पुन्हा किक. मी बघत होते. ठिणगी निळी पडली, टच्च आवाज करून. फडकं काढून थोडा वेळ इंजिन फिरवलं, पुन्हा लाल. फडकं धरलं, पुन्हा निळी.

ते पेराएवढं नळकांडं. नातवाच्या गाडीत आता असलं काही नसतं म्हणे, बटण दाबलं की झालं. मी त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "आज्जी, तू मेकॅनिक व्हायची होतीस." मी काही व्हायची नव्हते. मला फक्त वाकून बघायला सांगितलं, म्हणून मी बघितलं. आमच्या घरातल्या कोणाला एवढंच कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

म्हाताऱ्याने भंगारातल्या एका गाडीचं कंडेन्सर काढून आमच्या गाडीला बसवलं. तिथून नंदगडपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

वहिनी दारातच होती. गाडीचा आवाज तिने लांबून ओळखला असणार. आम्हाला बघून आत पळाली आणि पाणी घेऊन बाहेर आली. तात्या गाडीकडे बघत होते, थांबत थांबत आली का, असं तोंडावर होतं, विचारलं नाही. वहिनीच्या आईने मला पाटावर बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. "काय निरोप दिलाय आईनं?"

अण्णा दाराशी उभा होता. चावी त्याच्या हातात होती. मी त्याच्याकडे बघितलं, तो पायाकडे बघत होता.

मी म्हटलं, "न्यायला आलोय."

अण्णाने मान वर केली. मला वाटलं आता बोलेल. तो बोलला नाही. त्याच्या सगळ्या गप्प बसण्यातलं तेवढं एक मला उपयोगी पडलं. वहिनी आत गेली ती ट्रंक घेऊनच बाहेर आली, ती भरलेलीच होती. कधीपासून भरून ठेवली होती ते मी विचारलं नाही.

जेवून निघालो. मी म्हटलं, अण्णा, तू आणि वैनी गाडीवर जा, मी एस्टीने ट्रंक घेऊन येते. अण्णाने गाडीला किक मारली, नीट सुरू झाली, आणि मग म्हणाला, "तुमी दोघी एस्टीनं या."

"तू बघितलंस न्हवं? निळी पडली ती?"

"बघितलं की."

"मग?"

"पर कशाला उगं," अण्णा म्हणाला आणि गेला.

आईने वहिनीला दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि घरात घेतलं. मला रात्री काठीने एक लगावली, पुढे तो विषय नाही. गाडी त्यानंतर वर्षानुवर्षं चालली, कुठेही थांबली नाही. मी आईला कंडेन्सर समजावून सांगितलं, मातीत चित्र काढून दाखवलं. आई म्हणाली, "व्हय, चालतीया की. ती बसत न्हाय म्हनून चालतीया." आणि वहिनी खरंच बसत नव्हती. अण्णा बसवत नव्हता. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण वहिनीने माहेरी जायचं ते एस्टीने, दवाखान्यात जायचं ते टेम्पोने, हे चुलीच्या जागेसारखं ठरून गेलं.

माझं लग्न होऊन मी निपाणीला आले, तंबाखूच्या वखारीत कामाला लागले, पोरं झाली. एकदा माहेरी गेले असताना सकाळी नंदगडहून निरोप आला, तात्या गेले. दुपारपर्यंत ठेवतो, लेकीला आणा. अण्णाने गाडी बाहेर काढली. या वेळी त्याने सीट पुसली आणि वहिनीकडे बघितलं. आई तेव्हा थकली होती, उंबऱ्यावर बसून असायची. तीच म्हणाली, "बस जा गं. आज बस."

मला वाटलं, सुटलं एकदाचं.

वहिनी गाडीजवळ गेली. हात सीटपर्यंत नेला आणि मागे घेतला. "नगो आत्या."

मी म्हटलं, "वैनी, मी डोळ्यानं बघितलंय. ते नळकांडं हुतं. तू न्हवतीस."

"तुझं खरं असंल सुमे," ती म्हणाली. "पर आज वाटेत थांबली तर मला तात्या दिसायचं न्हाईत." आणि अण्णाला म्हणाली, "तुमी फुडं जावा. खांदा द्यायला तरी कोन पायजे."

अण्णा गेला. आम्ही दोघी एस्टी धरायला गेलो. सांबऱ्याची गाडी उशिरा आली, बेळगावच्या स्टँडवर खानापूरची लागायची होती, खानापुरात पुन्हा थांबलो. वहिनी प्रत्येक थांब्याला उठून उभी राहायची. नंदगडात पोचलो तेव्हा घरासमोर बायकाच होत्या. पुरुषांनी दुपारनंतरही वाट बघितली होती. पोरगी कुठवर आली असेल म्हणून अण्णाला विचारलं, अण्णा म्हणाला, एस्टीनं येतीया, सांगता येत न्हाय. मग त्यांनी उचललं.

वहिनी आत गेली. गाडी अंगणात उभी होती. जाता जाता मी इंजिनाला हात लावून बघितला. पार गार पडलं होतं.